उघड्या होडीवर डेक

मुंबईच्या नकाशावर शीव आणि वडाळा यांच्या मध्यें अँटॉप हिल हें नांव सांपडतें. सरकारी नोकरांची मोठी वसाहत, शेख मिस्रीचा दर्गा आणि टेकडी म्हणावी कीं नुसता चढ म्हणावा असा प्रश्न पाडणारा उंचवटा, एवढ्यावर बहुतेक मुंबईकरांची या भागाशीं ओळख संपते. समुद्र येथून फार दूर नाहीं, हें तेथें राहणाऱ्यांनाहि क्वचितच आठवतें. पण पूर्वेस वडाळ्याच्या मिठागरांचा पट्टा ओलांडला कीं माहुलची खाडी लागते. ओहोटीच्या वेळीं तिच्या कांठावर दूरवर चिखल उघडा पडतो. हिंवाळ्यांत त्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आणि २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला अटल सेतु शिवडीहून याच चिखलावरून पाण्यांत शिरतो. शिवडी, माहुल आणि ट्रॉम्बे येथील कोळीवाडे या पाण्यावर जगत आले. मोठ्या यांत्रिक नौका ससून डॉकला आणि भाऊच्या धक्क्याला लागतात. खाडीच्या उथळ पाण्यांत फिरावयाचें तर तेथें लहान, उघडी होडीच हवी. आजच्या भाषणाचा विषय ती होडी आणि तिच्यावर घालावयाचा डेक हा आहे.

उघडी होडी म्हणजे एक लांबट वाटी. तिच्यांत जें पडेल तें तळाशीं गोळा होतें : लाटेचा शिंतोडा, पावसाची सर, जाळ्यांतून निथळणारें पाणी, आणि मासळीहि. तळावर आडवे वांक असतात. वांक म्हणजे होडीच्या फासळ्या. त्यांच्यावर पाय ठेवावा तर तो मुरगळतो, त्यांच्या मधें ठेवावा तर तो पाण्यांत भिजतो. जाळें ओढणारा मनुष्य उभा राहून ओढतो, आणि त्याला सपाट, कोरडी, न घसरणारी जागा दोन पावलांपुरती तरी हवी असते. म्हणून होडी घेतलेल्या प्रत्येकाच्या मनांत एक दिवस तोच विचार येतो, कीं तळावर फळ्या टाकून एक जमीन करावी, आणि साधलें तर तिच्यावर डेकहि घालावा. विचार रास्त आहे. मात्र तो जितका सोपा दिसतो तितका सोपा नाहीं, आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या होडींत तर मुळींच नाहीं.

अॅल्युमिनियमच्या होडीचें कूळ विमानाचें आहे. दुसरें महायुद्ध संपत आलें तेव्हां अमेरिकेंतील ग्रुमन या विमानें बांधणाऱ्या कंपनीनें, ज्या धातूचीं विमानें होत त्याच धातूच्या लहान नावा १९४५ सालीं बनविण्यास आरंभ केला. हलकी, न कुजणारी, दोघांनीं उचलून मोटारीवर ठेवावी अशी ही होडी तिकडच्या सरोवरांवर फार लोकप्रिय झाली. मुंबईच्या किनाऱ्यावर लांकूड आणि काचतंतू यांचेंच राज्य आहे. पत्र्याची होडी येथें विरळा. तथापि आपल्या देशांत समुद्राच्या पाण्याशीं या धातूची गांठ पडलीच नाहीं असें नाहीं. कोचीन येथें १९५७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें लांकडी नौकांच्या तळास किडा लागूं नये म्हणून तांब्याच्या पत्र्याऐवजीं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा ठोकून पाहिला होता. मॅग्नेशियम मिसळलेला हा मिश्रधातु खाऱ्या पाण्यांत चांगला टिकतो. भांड्यांचा अॅल्युमिनियम तसा टिकत नाहीं. होडी विकत घेणाऱ्यानें पहिला प्रश्न हा विचारावा.

लांकूड आणि धातु यांत एक भेद मात्र कोळ्याच्या जिवाशीं खेळणारा आहे. बहुतेक सागवान पाण्याहून हलकें असतें; अॅल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीनपट जड. लांकडी होडी पाण्यानें कांठोकांठ भरली तरी कांठ पाण्याशीं येऊन ती बहुधा तरंगत राहते आणि माणसें तिला धरून राहतात. पत्र्याची होडी भरली कीं भांड्याप्रमाणें तळ गांठते. तिनें तसें करूं नये म्हणून बांधणारे तिच्या बाकांच्या पोकळींत हवाबंद फोम भरतात. बाकांचें दुसरेंहि एक काम असतें. पातळ पत्र्याच्या दोन बाजू एकमेकींपासून ठराविक अंतरावर धरून ठेवणें, त्या आंत-बाहेर लवूं न देणें, हें काम आडव्या बाकांकडे असतें. आतां, सपाट जमीन करावयाची तर हे बाक आड येतात. आणि पहिली करवत बाकांवर चालते. एकाच घावांत होडीचा कणखरपणा गेला, आणि बुडतां बुडतां तिला वर धरणारा फोमहि गेला. बाहेरून पाहणाऱ्यास होडी पूर्वीपेक्षां प्रशस्त दिसते. बाक काढावेच लागले तर त्यांच्या जागीं, जमिनीखालीं कां होईना, तितकेच भक्कम आडवे बंध घातल्याशिवाय पुढचें पाऊल टाकूं नये, आणि गेलेल्या फोमचा हिशोब भरून काढावा.

पुष्कळांना भीति वाटते ती वजनाची. ती भीति थोडी अस्थानीं आहे. चौदा फूट लांबीची, साडेचार-पांच फूट रुंदीची होडी घ्यावी. तिच्यांत दहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढी जमीन घालावयाची. बारा मिलिमीटर जाडीचें चांगलें मरीन प्लायवूड घेतलें तर या चाळीस चौरस फुटांचें वजन सुमारें तीस किलो भरतें. खालचे सांगाडे, स्क्रू आणि रंग धरून चाळीस. अशा होडीचें पाण्यावर टेकणारें क्षेत्र जवळजवळ चार चौरस मीटर असतें, म्हणजे चाळीस किलोंनीं ती फक्त एक सेंटिमीटर खालीं बसेल. कोणी म्हणेल, प्लायवूडपेक्षां अॅल्युमिनियमचाच पत्रा घालावा, तो हलका. तोहि भ्रमच. पायाखालीं लवूं नये इतका, म्हणजे तीन मिलिमीटर जाड पत्रा घेतला तर त्याचें वजन बारा मिलिमीटर प्लायवूडहून किंचित् अधिकच भरतें. पत्र्याचा लाभ हलकेपणाचा नसून पाणी न पिण्याचा आहे; प्लायवूड दोन पावसाळे भिजलें कीं जड होतें, कडा फुगतात, पापुद्रे सुटतात. उलट, मे महिन्याच्या दुपारीं तापलेल्या पत्र्यावर अनवाणी उभें राहून पाहावें, म्हणजे प्लायवूडची किंमत कळते. कोळी होडींत अनवाणीच असतो.

वजनाला एका ठिकाणीं मात्र मान द्यावा लागतो, तें ठिकाण म्हणजे खाडीचा चिखल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईच्या बंदरांत भरती-ओहोटीच्या पाण्यांतला फरक चार मीटरांच्याहि वर जातो. ओहोटी लागली, होडी चिखलांत बसली, आणि ती ढकलावयास दोनच माणसें आहेत, अशा वेळीं चाळीस किलो हे चाळीसच किलो असतात.

खरी भीति आहे ती उंचीची. मध्यम उंचीचा मनुष्य उभा असतां त्याच्या शरीराच्या वजनाचा मध्यबिंदु पावलांपासून सुमारें तीन फुटांवर असतो. तोच मनुष्य फूटभर उंचीच्या बाकावर बसला, कीं हा बिंदु होडीच्या तळापासून दोन फुटांच्या आंत येतो. समजा, सव्वा फूट उंचीवर डेक घातला आणि तो त्यावर उभा राहिला. बिंदु सव्वाचार फुटांवर गेला, म्हणजे दुपटीच्याहि वर. मनुष्य तोच, वजन तेंच, होडी तीच. पण आतां तो जरा एका बाजूस झुकला कीं होडीला कलती करण्याची त्याची शक्ति पूर्वीपेक्षां कितीतरी वाढली. होडी उलटते ती बहुधा अशी. मोठ्या वादळांत लहान होड्या मुळांत जातच नाहींत. त्या उलटतात त्या शांत पाण्यांत, दोघेजण एकदम एकाच बाजूला जाळें ओढावयास वांकले म्हणजे.

या उंचीला उत्तर रुंदीचें आहे. होडीचा कलण्यास होणारा विरोध तिच्या रुंदीच्या घनाप्रमाणें वाढतो. चार फुटांऐवजीं पांच फूट रुंद होडी घेतली, तर रुंदी पावपटीनें वाढली, पण विरोध जवळजवळ दुप्पट झाला. म्हणून पांच फुटी होडीला जो डेक शोभतो तोच चार फुटी होडीला घातक ठरतो. आणि शेजाऱ्याच्या होडीवरून मापें घेऊन आपल्या होडींत डेक घालणारा सुतार कितीहि निष्णात असला तरी त्यानें निम्मेंच काम केलें आहे.

डेक उंच घेण्याचा मोह होतो त्याला कारण असतें. मोठ्या नौकांच्या डेकवर आलेलें पाणी बाजूच्या भोंकांतून आपोआप बाहेर जातें, उपसावें लागत नाहीं. तसें आपल्या होडींतहि व्हावें असें वाटतें. परंतु त्यासाठीं डेक बाहेरच्या पाण्याच्या पातळीहून उंच असला पाहिजे, आणि तोहि होडी रिकामी असतांना नव्हे, माणसें, जाळीं, बर्फ आणि मासळी भरलेली असतांना. लहान होडीची बाजू तळापासून वीस इंच उंच. भरलेली होडी सात-आठ इंच पाण्यांत बसते. डेक दहा-अकरा इंचांवर घातला तर वर बाजू उरली नऊ-दहा इंच. ही कड माणसाच्या घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खालीं लागते. एवढी कड तोल गेलेल्या माणसाला थोपवीत नाहीं. उलट अडखळवून बाहेर टाकते. आणि डेक पातळीच्या खालीं ठेवून भोंकें पाडलीं, तर त्याच भोंकांतून समुद्र आंत येतो. चौदा फुटी होडीला हा पेंच सुटत नाहीं. सोडवूं जाणाऱ्यानें मोठी होडी घ्यावी हें उत्तम.

पूर्वीच्या शिडाच्या मचव्यांची रचना या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. त्यांत बहुधा टोंकांशीं फळ्या घालीत आणि मधला भाग जाळ्यासाठीं व मासळीसाठीं उघडा ठेवीत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत एंजिनें आलीं, बर्फ आला, मुक्काम लांबले, तेव्हां नौका मोठ्या झाल्या आणि मग त्यांना सबंध डेक आला. डेक आधीं आणि मोठेपण मागाहून, असा क्रम कोणीं लावला नाहीं. लहान होडीनेंहि तोच कित्ता गिरवावा. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोंकाशीं, तीन-चार फुटांचा आखूड डेक घालावा. लाट तेथेंच वर चढते, ती त्यानें परत जाते. त्याच्याखालीं कोरडें सामान राहतें. आणि दोन्ही बाजूंना बांधणारा तो एक भक्कम बंधहि होतो. उरलेल्या होडींत जमीन करावी, ती वांकांच्या जितकी जवळ जाईल तितकी खालीं. उभ्या माणसाच्या पायांसाठीं ती पुरेशी आहे, आणि त्याच्या डोक्यासाठीं हितकर.

पण ही खालची जमीनहि एक नवें संकट आणते, आणि तें दिसत नाहीं म्हणूनच अधिक वाईट. उघड्या होडींत तळाशीं पाणी चढलें तर तें सर्वांना दिसतें, आणि पाणी उपसण्याचें काम आपोआप कोणीतरी हातीं घेतो. जमीन घातली कीं पाणी तिच्याखालीं जातें. वर सर्व कोरडें, खालीं पाणी वाढत आहे. चाळीस चौरस फुटांवर दोन इंच पाणी म्हणजे सुमारें एकशें नव्वद लिटर. दोन-अडीच माणसांचें वजन न बोलावतां होडींत येऊन बसलें. शिवाय तें स्वस्थ बसत नाहीं. होडी डावीकडे कलली कीं सगळें डावीकडे धांवतें आणि तिला आणखी कलतें करतें. म्हणून जमिनीचे तीन तुकडे करावे आणि निदान मागचा तुकडा खिळ्यांनीं कायम न ठोकतां उचलतां येईल असा ठेवावा. वांकांच्या तळाशीं पाणी मागें वाहण्यास वाट हवी. ती फळीनें किंवा फोमनें बुजवूं नये. आणि निघतांना, मधेंच एकदां व परततांना तो तुकडा उचलून पाहण्याची संवय लावावी. पंपापेक्षां ही संवय स्वस्त पडते.

आतां फोमचा हिशोब. शंभर किलो वजनाचा अॅल्युमिनियमचा सांगाडा खाऱ्या पाण्यांत पूर्ण बुडाला, तर पाण्याच्या उचलीमुळें त्याचें वजन बासष्ट किलोच उरतें. एक लिटर फोम जवळजवळ एक किलो उचलतो. तेव्हां सांगाड्यासाठीं बासष्ट-पासष्ट लिटर, चाळीस किलोच्या एंजिनासाठीं आणखी तीस-पस्तीस, आणि होडीला धरून राहणाऱ्या माणसांसाठीं कांहीं वर. सव्वाशें लिटर फोम धरला तर फारशी चूक होणार नाहीं. परंतु तो कोठें घालावा? जमिनीखालीं पोकळी सहज मिळते म्हणून बहुतेक सगळा तेथेंच कोंबतात. अशी होडी पाण्यानें भरली म्हणजे तळचा फोम वर येऊं पाहतो, जड एंजिन खालीं जाऊं पाहतें, आणि होडी पालथी होते. पालथ्या, गुळगुळीत पत्र्याला धरावयास कांहीं नसतें. म्हणून फोमचा मोठा भाग दोन्ही बाजूंना, कांठाच्या खालीं, शक्य तितका उंच बसवावा. भरलेली होडी मग सरळ राहते व माणसें तिच्यांत बसूं शकतात. स्वस्त पांढरा थर्मोकोल वापरण्याचा मोह टाळावा. पेट्रोल लागलें कीं तो विरघळतो, आणि पेट्रोलचे थेंब ज्या होडीच्या तळाशीं कधींच पडले नाहींत अशी एंजिनाची होडी दाखविणें कठीण आहे.

शेवटची गोष्ट खिळ्यांची आणि लांकडाची, आणि ती सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. दोन निरनिराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस टेकले कीं त्यांतला एक दुसऱ्याला खातो. इंग्रजांच्या आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनीं पाहतात तों पुष्कळ लोखंडी खिळे खाऊन गेलेले. मात्र पत्र्यांना गुंडाळून आलेला तपकिरी कागद जेथें मधें राहून गेला होता, तेथील खिळे शाबूत होते. विद्युतेच्या घटाचा शोध लागण्यापूर्वीं चार दशकें एका कागदाच्या तुकड्यानें हें शास्त्र शिकविलें होतें. अॅल्युमिनियमच्या होडींत खाल्ला जाणारा धातु अॅल्युमिनियम असतो, आणि खाणारा बहुधा तांबें किंवा पोलाद. पितळेचे स्क्रू येथें वर्ज्य समजावे. स्टेनलेस पोलादाचे वापरावयाचे तर त्यांच्या आणि पत्र्याच्या मधें नायलॉनचा वायसर व दाट रंग हवा. तो ‘कागद’ येथेंहि लागतोच. अॅल्युमिनियमचेच रिव्हेट सर्वांत बरे.

तांबें ज्या वाटेनें सर्वांत सहज शिरतें ती वाट लांकडाची आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील सोंटी कामेशम् यांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांनीं लांकूड टिकविण्याची रीत शोधून काढली, आणि ती जगभर गेली. तारेच्या खांबांसाठीं आणि घराबाहेरच्या लांकडासाठीं ती मोठी उपकारक ठरली. पण असें औषध पाजलेली फळी ओल्या अॅल्युमिनियमवर ठेवली कीं तिच्यांतील तांबें पत्र्यावर उतरतें आणि पत्र्याला सुईच्या टोंकाएवढीं भोंकें पडूं लागतात. न कुजणारी म्हणून मुद्दाम आणलेली फळी होडीचा तळ कुजवते. त्याऐवजीं साधें मरीन प्लायवूड घ्यावें, त्याच्या कडा इपॉक्सीनें नीट बुजवाव्या, आणि त्याच्या खालीं रबराच्या पट्ट्या द्याव्या. शेवाळ व शिंपले चिकटूं नयेत म्हणून नौकांच्या तळाला जो तांबेमिश्रित रंग देतात, तो या होडीला कधींहि देऊं नये. वरच्या रंगांत थोडी बारीक, धुतलेली वाळू मिसळली म्हणजे मासळीच्या बुळबुळीवरहि पाय घट्ट राहतो.

काम पुरें झालें म्हणजे होडी एकदम खाडींत नेऊं नये. वारा पडलेला आहे, भरती आहे, अशा दिवशीं कांठाजवळ कंबरभर पाण्यांत ती न्यावी, एंजिन काढून त्याच्या जागीं तितक्याच वजनाचे दगड बांधावे, आणि बालद्यांनीं पाणी ओतून तिला मुद्दाम कांठोकांठ भरावी. मग दोन माणसांनीं एका बाजूचा कांठ धरून लोंबकळावें. ती सरळ राहिली तर दुसऱ्या दिवशीं तिच्यावर जाळें चढवावें. कलंडली, तर फोम आणखी वर घ्यावा, अथवा डेक उतरवावा, आणि पुन्हां भरून पाहावी.